अमेरिकी सैन्यातून नर्स ॲनेस्थेटिस्ट होण्याविषयी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे भलत्याच प्रश्नाला उत्तर दिले जाणार नाही. तुम्ही पुण्यात बी.एस्सी. नर्सिंग केले, गेली चार वर्षे डॅलसच्या एका रुग्णालयात सर्जिकल आयसीयूत काम करता आहात, ग्रीन कार्ड मिळून तीन वर्षे झाली, वय ३४, पती आयटी क्षेत्रात आणि मुलगी सहा वर्षांची. तुम्हाला सीआरएनए, म्हणजे प्रमाणित नर्स ॲनेस्थेटिस्ट, व्हायचे आहे. पण विद्यापीठांची फी पाहून छाती दडपली. सैन्यात गेल्यास हे शिक्षण फुकट होते आणि वर पगारही मिळतो, असे तुम्हाला कोणी तरी सांगितले. ते खरे का, आणि सुरुवात कुठून करायची, असे तुम्ही विचारले आहे.

ते खरे आहे. फी भरावी लागत नाही, शिकत असताना अधिकाऱ्याचा पूर्ण पगार मिळतो आणि शिक्षणही कसून दिले जाते. मी स्वतः याच वाटेने गेले: मिरजेत जीएनएम ही नर्सिंगची पदविका, टेक्ससमध्ये आयसीयू, मग आर्मीच्या नर्स कोअरमध्ये (परिचारिका दलात) कमिशन, म्हणजे अधिकारीपद, सॅन अँटोनियोला भुलेचे शिक्षण, आणि वीस वर्षांची नोकरी करून लेफ्टनंट कर्नल पदावरून निवृत्ती. त्यामुळे या वाटेला नावे ठेवण्याचे मला कारण नाही. तरीही तुमचा प्रश्न मुळात फीचा आहे, असे मला वाटत नाही. पंचेचाळिशीपर्यंत आपण कोणत्या गावी राहायचे, कोणत्या रुग्णालयात काम करायचे आणि वर्षातले कोणते महिने मुलीपासून दूर काढायचे, हे दुसऱ्या कोणी ठरवलेले तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना चालणार आहे का, हे आधी ठरवावे लागेल. फीचा हिशेब त्याच्या मागून येतो.

सैन्य यासाठी एवढा खर्च का करते, हे समजल्याशिवाय पुढच्या अटी नीट कळणार नाहीत. आपल्याकडे भूल देणारी व्यक्ती म्हणजे एमडी किंवा डीए झालेला डॉक्टर, हे डोक्यात पक्के बसलेले असते. भारतीय सैन्यातही मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या अधिकारी वॉर्ड आणि शस्त्रक्रियागृह सांभाळतात. भूल देतात ते डॉक्टरच. मी भूल देते हे कळल्यावर आमच्या मिरजेच्या मावशीने ‘म्हणजे तू डॉक्टरीण कधी झालीस?’ असे विचारले होते, आणि तिचे विचारणे रास्तच होते. अमेरिकेत मात्र परिचारिकांनी भूल देण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे, आणि सैन्याचे तर त्यांच्यावाचून पानही हलत नाही. आर्मी नर्स कोअर १९०१ मध्ये स्थापन झाले. त्यात पुरुषांना १९५५ पर्यंत कमिशन मिळत नव्हते, आणि ज्याच्यासाठी ते दार पहिल्यांदा उघडले तो एडवर्ड लायन नर्स ॲनेस्थेटिस्टच होता.

फॉरवर्ड सर्जिकल टीम म्हणून ओळखली जाणारी जी तुकडी आघाडीजवळ जाऊन शस्त्रक्रिया करते, तिच्या पारंपरिक रचनेत वीस माणसे असतात. त्यांत सर्जन चार आणि भूल देणारे दोन. हे दोघेही नर्स ॲनेस्थेटिस्ट. भूलतज्ज्ञ डॉक्टर त्या तुकडीत नसतो. अफगाणिस्तानात आमच्या तंबूत दोन टेबले होती, एक माझे आणि एक माझ्या सहकाऱ्याचे. दोन्हींवर एकाच वेळी जखमी असला की ‘जरा येऊन बघता का’ असे म्हणायलाही कोणी उरत नसे. तिथे शहरातल्या रुग्णालयातले भुलेचे यंत्र नसते. भुलेच्या औषधाची वाफ करणारा ड्रॉ-ओव्हर व्हेपोरायझर असतो, ज्यात दाबाखालचा वायू लागत नाही. बाहेरचीच हवा औषधावरून खेचली जाते आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमधून आलेला ऑक्सिजन तिच्यात मिसळायचा असतो. पुष्कळदा तेही बाजूला ठेवून केटामीन आणि प्रोपोफॉलवर सगळी भूल शिरेतूनच द्यायची. धूळ गव्हाच्या पिठासारखी बारीक असल्यामुळे लॅरिंगोस्कोपची (घशात पाहण्याच्या उपकरणाची) पाती आम्ही झिपच्या पिशवीत ठेवत असू. एका रात्री जनरेटर बंद पडला तेव्हा मॉनिटर बॅटरीवर चालू राहिला. पण सक्शन, म्हणजे घशातले रक्त ओढून काढणारे यंत्र, थांबले, आणि श्वासाची नळी घालण्याच्या ऐन क्षणी रुग्णाच्या घशात रक्त साचलेले होते. एका मेडिकने, म्हणजे लष्करी वैद्यकीय सहायकाने, पायाने दाबायचा सक्शन पंप ओढून आणला आणि तो दाबत राहिला, दुसऱ्याने डोक्यावरच्या टॉर्चचा प्रकाश धरला, आणि नळी गेली. तेव्हापासून आजतागायत, टेक्ससच्या वातानुकूलित ओटीतसुद्धा, मी सकाळी सर्वांत आधी सक्शन तपासते. अशा जागी एकटीने निभावून नेणारी माणसे सैन्याला हवी असतात, आणि तशी माणसे तयार करण्यासाठीच ही शिष्यवृत्ती आहे.

आता वाटा कोणत्या ते सांगते. आर्मीचा स्वतःचा अभ्यासक्रम सॅन अँटोनियोच्या फोर्ट सॅम ह्यूस्टन येथे चालतो आणि पदवी बेलर विद्यापीठाची मिळते. दुसरा अभ्यासक्रम मेरीलँडमधील बेथेस्डा येथे, युनिफॉर्म्ड सर्व्हिसेस युनिव्हर्सिटीच्या नर्सिंग विद्यालयात आहे; नौदल आणि हवाईदलाच्या परिचारिका प्रामुख्याने तिथे शिकतात. माझ्या वेळी मास्टर्सची पदवी पुरत असे. २०२२ पासून अमेरिकेतील सर्व अभ्यासक्रमांत नवीन प्रवेश डॉक्टरेटलाच होतात, त्यामुळे आता साधारण तीन वर्षे धरून चाला. सुरुवातीचा काळ वर्गात जातो आणि नंतर एखाद्या लष्करी रुग्णालयात नेमणूक होऊन प्रत्यक्ष भूल द्यावी लागते. किमान ६०० केसेस आणि २,००० तासांचे काम ही अट मुलकी आणि लष्करी, दोन्ही विद्यार्थ्यांना सारखीच आहे, आणि शेवटची राष्ट्रीय परीक्षाही एकच आहे. म्हणून ‘आर्मीची सीआरएनए’ अशी वेगळी, दुय्यम पदवी असते, ही शंका मनातून काढून टाका.

तुमच्यासारख्या बाहेरून येणाऱ्या आयसीयू नर्सला आर्मी थेट या अभ्यासक्रमासाठी घेऊ शकते. नौदलात बहुतेक जागा आधीपासून सेवेत असलेल्यांकडे जातात. निवड मंडळाची गरज दरवर्षी बदलत असल्यामुळे ‘जागा किती’ या प्रश्नाचे उत्तर त्या वर्षीच्या भरती अधिकाऱ्यालाच विचारावे लागते, आणि वयोमर्यादेचेही तसेच आहे. ३४ हे वय अडचणीचे नाही. मात्र तीन-चार वर्षांनंतर ते अडचणीच्या जवळ जाऊ शकते.

तुमच्या बाबतीत सगळे अडते ते नागरिकत्वापाशी. पूर्णवेळ सैन्यात अधिकारी म्हणून कमिशन मिळवायला अमेरिकेचे नागरिकत्व लागते. ग्रीन कार्डावर शिपाई म्हणून भरती होता येते, आणि नेमकी इथेच माणसे फसतात. मॉलमधल्या कार्यालयात बसलेला भरती अधिकारी शिपायांची भरती करतो. तो अगदी सद्भावनेने म्हणेल की आत्ता मेडिक म्हणून या, नागरिकत्व लवकर होईल, मग अधिकारी व्हा. हातात नर्सिंगची पदवी आणि चार वर्षांचा आयसीयू अनुभव असताना तुम्ही असे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण त्या कराराची वर्षे आधी फेडावी लागतात आणि तोवर आयसीयूतला हात सुटतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांची भरती करणारे कार्यालय वेगळे असते, बोलायचे ते त्यांच्याशी.

दुसरी अडचण पदवीची. नर्स कोअरला बीएसएन, म्हणजे नर्सिंगची पदवी, लागते आणि ती कोणत्या संस्थेने मान्य केलेल्या महाविद्यालयाची आहे हे पाहिले जाते. माझे तर जीएनएमच होते, त्यामुळे मी नोकरी सांभाळत इथल्या विद्यापीठातून आरएन-टू-बीएसएन, म्हणजे परवानाधारक नर्सना पदवी देणारा अभ्यासक्रम, पूर्ण केला. तुमची पुण्याची पदवी तुम्हाला परवाना मिळवून द्यायला पुरली, म्हणून ती कमिशनलाही पुरेल असे गृहीत धरू नका. ‘चालेल’ हे फोनवरचे उत्तर उत्तर मानू नका, लेखी घ्या.

याखेरीज किमान एक वर्ष क्रिटिकल केअरचा अनुभव सर्वच अभ्यासक्रमांना लागतो, आणि तुमचा त्याहून पुष्कळ जास्त आहे. मुलाखतीत मात्र वर्षे मोजली जात नाहीत. नॉरएपिनेफ्रिन हे रक्तदाब वाढवणारे औषध चालू असलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा रक्तदाब पडला तर तुम्ही आधी काय बघाल आणि का, हे विचारतात. तुम्ही डॉक्टरला फोन करेन म्हणालात की मुलाखत तिथेच थंडावते. त्यांना तुमचा स्वतःचा विचार ऐकायचा असतो. सीसीआरएन हे क्रिटिकल केअर नर्सिंगचे प्रमाणपत्र घेतलेले असले तर बरे. रसायनशास्त्राला बारा वर्षे झाली असतील तर एखादा विषय नव्याने करून चांगले गुण दाखवलेले आणखी बरे. वैद्यकीय तपासणीही कडक असते. वयाच्या तेराव्या वर्षानंतर दमा झालेला असणे, अशा गोष्टींवरही अर्ज अडतो. सवलत मागता येते, पण वेळ जातो.

आता बाँडविषयी. आपल्याकडे मेडिकलच्या मुलांना बाँड असतो, आणि पैसे भरून तो मोडता येतो हे घराघरांत माहीत असते. हा तसा नाही. शिक्षण पूर्ण झाल्यावर साधारण चार ते पाच वर्षे पूर्णवेळ सेवा द्यावी लागते. नेमका आकडा तुमच्या करारावर छापलेला असेल, आणि तोच खरा. शिवाय पहिल्यांदा सैन्यात येणाऱ्याची एकूण बांधिलकी आठ वर्षांची असते. पूर्णवेळ सेवेनंतर उरलेला काळ नाव राखीव यादीवर राहते. पैसे भरून सुटण्याचा पर्याय तुमच्या हातात नसतो. याहून महत्त्वाचे म्हणजे अभ्यासक्रमात नापास झालात तरी सेवा चुकत नाही. माझ्या वर्गातील एक अतिशय हुशार मुलगी औषधशास्त्राच्या परीक्षेत दोनदा अडली आणि तिला अभ्यासक्रम सोडावा लागला. ती घरी गेली नाही. तिची नेमणूक दुसऱ्या राज्यातील वॉर्डात झाली आणि गणवेश अंगावरच राहिला. मुलकी विद्यापीठात नापास होणारा कर्ज घेऊन बाहेर पडतो. इथे वर्षे देऊन पडावे लागते. दोन्हींपैकी कोणते जड, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तुमच्या वयाचा हिशेब मांडून पाहू. नागरिकत्व हाती येईपर्यंत तुम्ही ३६ पार कराल. अर्ज, निवड, सुरक्षा चौकशी आणि अधिकाऱ्यांचे प्राथमिक प्रशिक्षण यांत आणखी एक वर्ष. अभ्यासक्रम संपेल तेव्हा तुम्ही ४१ च्या आसपास आणि मुलगी तेराची. बाँड संपेल तेव्हा तुम्ही ४५-४६ आणि ती बारावीत. याउलट मुलकी अभ्यासक्रमाला नागरिकत्वाची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला तर ३९ पर्यंत तुम्ही कमावू लागाल, आणि या व्यवसायाचे सर्वसाधारण वार्षिक उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर आहे. कर्ज दीड लाखाचे झाले तरी ते काही वर्षांत फिटते. म्हणजे निव्वळ पैशाच्या दृष्टीने पाहिले तर तुमच्या वयाला सैन्याची वाट स्वस्त पडत नाही, हे भरती अधिकारी तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. एक गोष्ट मात्र या हिशेबाला दुसऱ्या बाजूने झुकवते. उच्चशिक्षणासाठी पूर्ण खर्चाइतके कर्ज देणारी ग्रॅड प्लस ही सरकारी योजना १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद होत आहे. त्यामुळे फीचा उरलेला भाग खासगी कर्जाने भरावा लागेल का, हे विद्यापीठाच्या अर्थसाहाय्य कार्यालयाला आधी विचारा.

मधल्याही दोन वाटा आहेत. एक म्हणजे मुलकी अभ्यासक्रम करताना किंवा केल्यावर राखीव दलात नाव घालणे. शिकताना दरमहा मदत किंवा नंतर कर्जफेड मिळते आणि बदल्यात ठरावीक वर्षे महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातले दोन आठवडे द्यावे लागतात. घर डॅलसलाच राहते. पण बोलावणे आले तर जावे लागते. दुसरी वाट म्हणजे आधी आयसीयू नर्स म्हणून तीन वर्षे पूर्णवेळ सेवा करून जीआय बिल, म्हणजे सेवेच्या बदल्यात मिळणारा शिक्षणखर्चाचा लाभ, मिळवायचे आणि त्यावर नंतर हव्या त्या विद्यापीठात शिकायचे. सरकारी विद्यापीठात राज्यातील रहिवाशाची पूर्ण फी त्यातून भागते. टेक्ससमधून सैन्यात गेलेल्यांना आणखी एक लाभ आहे: हेझलवूड कायद्यानुसार राज्याच्या सरकारी विद्यापीठांत १५० क्रेडिट तासांची फी माफ होते आणि न वापरलेले तास मुलांच्या नावे करता येतात. टेक्ससमधून जाणाऱ्याने हे विसरू नये. या वाटेचा तोटा उघड आहे, तिला वेळ सर्वांत जास्त लागतो.

शिक्षणानंतरच्या कामाविषयी एक गोष्ट क्वचितच कोणी बोलते. लष्करात नर्स ॲनेस्थेटिस्ट स्वतंत्रपणे काम करते. बाहेर मेडिकेअरच्या, म्हणजे प्रामुख्याने ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, नियमानुसार डॉक्टरांची देखरेख लागते. २००१ पासून राज्यांना त्यातून बाहेर पडण्याची मुभा आहे आणि आयोवा सर्वांत आधी बाहेर पडले. गंमत म्हणजे माजी सैनिकांच्या व्हीए रुग्णालयांनी २०१६ मध्ये प्रगत शिक्षण घेतलेल्या इतर परिचारिकांना पूर्ण स्वातंत्र्य दिले, पण नर्स ॲनेस्थेटिस्टना त्यातून वगळले. तेव्हा सैन्यात मिळणारे स्वातंत्र्य मोठे आहे. परंतु शांततेच्या काळातील लष्करी रुग्णालयात रुग्ण बहुतेक तरुण आणि धडधाकट असतात. गुडघे, हर्निया, बाळंतपणे. महिनोन्‌महिने हृदयाची एकही मोठी केस न पाहिलेल्या बाईला उद्या विमानात बसवून आघाडीवर पाठवतात. हात गंजू नये म्हणून मी कमांडरच्या परवानगीने सुटीच्या दिवशी गावातल्या ट्रॉमा सेंटरमध्ये काम करत असे, आणि माझ्या ओळखीचे बहुतेक जण तेच करत. सुटी म्हणून जे दिवस मोजले होते, ते असे जातात.

घराविषयी फार बोलत नाही, कारण तुमचे घर तुम्हीच जाणता. बदली दर दोन-चार वर्षांनी होते. पतींची नोकरी कुठूनही करता येणारी असेल तर अर्धा प्रश्न सुटला. आघाडीची नेमणूक सहा ते नऊ महिन्यांची असू शकते. माझ्या पहिल्या नेमणुकीच्या वेळी सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या. माझी परत येण्याची तारीख पुढे गेली आणि त्यांच्या मुक्कामाची मुदत संपत आली, तेव्हा मुदतवाढीच्या अर्जासाठी तंबूतून ईमेल लिहिण्यात मी ज्या रात्री घालवल्या, त्या शस्त्रक्रियेच्या रात्रींपेक्षा जास्त लक्षात आहेत. आजी-आजोबांच्या भरवशावर बेत आखणार असाल तर व्हिसाची मुदत त्या बेतात धरा.

आणि एक गोष्ट फक्त आपल्यासारख्यांची. नागरिकत्व घेतल्यावर बहुतेक जण ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात ये-जा करू देणारे, कार्ड काढतात. परदेशी सैन्यात सेवेत असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्ती ओसीआयसाठी पात्र नाहीत, असे भारत सरकारचे नियम सांगतात. म्हणजे आईच्या आजारपणात धावत जायचे तर साध्या व्हिसाने जावे लागेल. दुसऱ्या बाजूला अमेरिकी सुरक्षा चौकशीच्या फॉर्मवर भारतातील नातेवाईक, तिथल्या भेटी आणि तिथली मालमत्ता, सगळे लिहावे लागते. सातबाऱ्यावर वारस म्हणून तुमचे नाव लागले असेल तर तेही लिहायचे. लपवले तर ते लपवणे जमिनीपेक्षा महाग पडते. पुण्यातला फ्लॅट किंवा गावची शेती यांचे काय करायचे, हे कराराच्या आधी घरात बोलून घ्या.

तुमच्या जागी मी असते तर मुलकी अभ्यासक्रमाचे अर्ज या वर्षीच भरले असते आणि राखीव दलाचा पर्याय नागरिकत्वानंतरसाठी उघडा ठेवला असता. पण गणवेशाची ओढ तुम्हाला आधीपासून असेल, आणि तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यावरून ती आहे असा मला संशय आला, तर माझा सल्ला बाजूला ठेवून पूर्णवेळच्या वाटेचा विचार करा. ज्यांना सैन्य आवडले त्यांनी बाँडची वर्षे मोजलेली मी पाहिलेली नाहीत. मंडळापुढे जायचे की नाही हे ठरण्याआधी तीन कामे मात्र दोन्ही वाटांना लागतात. एखाद्या सीआरएनएबरोबर सकाळी सहापासून पूर्ण दिवस ओटीत उभे राहा. तुमच्याच रुग्णालयात विचारले तर कोणी नाही म्हणणार नाही. आणि ग्रीन कार्डावरची ‘रेसिडेंट सिन्स’ तारीख काढून तिच्यात पाच वर्षे मिळवा, नव्वद दिवस वजा करा. नागरिकत्वाचा अर्ज त्या दिवसापासून भरता येतो. तिसरे, पदवीचे मूल्यमापन करून घ्यायला ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रकांचा अधिकृत उतारा) थेट विद्यापीठाकडून यावी लागते. तुमचे महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असेल तर पुण्यात चकरा मारत बसू नका, अर्ज नाशिकला करा, आणि याच आठवड्यात करा.